ऊब ही मेहेरबानी नव्हे

गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला थंडीचा कायदा ही कल्पनाच मुळी गमतीची वाटते. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या आठ-दहा पहाटा, ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलेला स्वेटर आणि 'यंदा काय गारठा पडलाय!' हे कौतुकाने उच्चारलेले वाक्य. घरमालक आणि भाडेकरू यांचे भांडण आम्हाला अनोळखी नव्हते; पण ते पाण्यावरून, गळक्या छपरावरून, जिन्यातल्या दिव्यावरून. घरमालकाने घरात ऊब पुरवावी, ती किती अंशांची असावी हे सरकारने ठरवावे आणि ती मिळाली नाही तर भाडेकरूने कोर्टाची पायरी चढावी, असे मला कुणी मुंबईत सांगितले असते तर मी हसलो असतो.

ते हसू १९ जानेवारी १९९४ च्या पहाटे संपले. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पारा उणे दोन फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या हिशेबात उणे १९ अंशांवर उतरला होता. आम्ही तेव्हा क्वीन्समधल्या एल्महर्स्ट भागात, विटांच्या एका सहा मजली जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर दोन दिवस गार पडला होता. मुलगी अकरा महिन्यांची. आई नातीला बघायला मुंबईहून नुकतीच आलेली. बायकोने गॅसचा ओव्हन पेटवून त्याचे दार उघडे टाकले होते आणि आम्ही सगळे स्वयंपाकघरात त्याच्यापुढे बसलो होतो. बंद घरात असा ओव्हन तासन् तास जाळणे म्हणजे विषारी वायूला घरात बोलावणे, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

आई अंगावर दोन शाली आणि माझा कोट घालून बसली होती. म्हणाली, "अरे, इतकं भाडं मोजतोस ना? मग मालकाला सांगत का नाहीस?"

"सांगितलं, आई. उद्या दुरुस्तीवाला येणार आहे म्हणतो."

"आपला मालकही असंच म्हणायचा. मोरीचा पाइप बदलायला माणूस उद्या येणार होता. तुझी मुंज झाली, कॉलेज झालं, तो माणूस काही आला नाही."

आईचे हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. सात समुद्र ओलांडून आलो तरी भाडेकरू हा भाडेकरूच राहतो, हे तिला एका रात्रीत कळले होते. मला ते नीट कळायला पुढची काही वर्षे लागली. त्या इमारतीतून आम्ही बाहेर पडलो तरी मी त्या भागातल्या भाडेकरूंच्या संघटनेत दर शनिवारी तक्रारींचे कागद भरून देण्याचे काम करीत राहिलो. आता मी ठाण्यात असतो आणि हिवाळ्याचे दोन महिने मुलीकडे जातो. या साऱ्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. भाडेकरूंच्या हक्काचा कायदा कितीही चांगला असला, तरी हक्क डावलला गेला हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याला थंडी वाजते आहे त्याच्याच शिरावर असेल, तर तो कायदा अर्धाच आहे.

आधी कायदा काय आहे ते सांगतो, कारण तो खरोखरच चांगला आहे. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे हे आठ महिने 'हीट सीझन' म्हणून ओळखले जातात. या काळात सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत बाहेरचे तापमान ५५ फॅरनहाइटच्या (सुमारे १३ सेल्सियस) खाली गेले, की घरात निदान ६८ (२० सेल्सियस) असलेच पाहिजे. रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर काहीही असो, घरात किमान ६२ (सुमारे १७ सेल्सियस) हवे. 'पुरेशी ऊब', 'योग्य व्यवस्था' असले, वकिलांना वर्षानुवर्षे पोसणारे शब्द त्यात नाहीत. सरळ आकडे आहेत. शिकागोत असेच आकडे आहेत, टोरांटोत तर २१ सेल्सियसचा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत थंड प्रदेशातल्या घरांसाठी किमान १८ सेल्सियस सुचवले आहे. त्यामागे वैद्यकीय कारण आहे. थंड घरात रक्तदाब वाढतो, दमा आणि छातीचे विकार बळावतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या व तान्ह्या मुलांच्या शरीराला आपली उष्णता टिकवता येत नाही.

आमच्या त्या रात्री हा कायदा आजच्याइतका कडक नव्हता. रात्रीची अट तेव्हा फक्त ५५ फॅरनहाइटची होती. तीही बाहेर ४० च्या खाली गेले तरच. म्हणजे तेरा अंशांत आम्ही तान्ह्या पोरीला घेऊन कुडकुडत बसलो असतो, तरी घरमालक कायद्याने निर्दोषच ठरला असता. रात्रीचा आकडा ६२ वर आला तो २०१७ साली.

आपल्या वाचकाला इथे एक शंका येईल. थंडी वाजते तर स्वतः हीटर का लावीत नाही? त्यासाठी ही ऊब येते कशी, ते पाहायला हवे. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत तळघरात एक अवाढव्य बॉयलर असतो. तो पाण्याची वाफ करतो, ती नळांतून वर चढते, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरात शिरते, तिथे गार होऊन तिचे पाणी होते आणि ते पाणी पुष्कळदा त्याच नळाने खाली परत येते. रेडिएटरच्या कडेला एक छोटी झडप असते. तिच्यातून आधी हवा बाहेर पडली तरच वाफ आत येते. ती झडप गंजली, की एक खोली गार पडते. नळाचा उतार बिघडला, की पाणी मध्येच अडते आणि रात्री कुणी हातोडीने नळ ठोकतो आहे असा आवाज येतो. बॉयलर किती वेळ चालवायचा हे ठरवणारे यंत्र तळघरात कुलपाच्या आड असते. त्याची किल्ली 'सुपर'कडे, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे, आणि त्याला हुकूम घरमालकाचा. भाडेकरूच्या हातात खिडकी उघडणे आणि बंद करणे एवढेच असते.

तेव्हा ही ऊब भाडेकरूने बाजारातून आणायची वस्तू नाही. भिंती आणि छप्पर यांच्यासारखी ती घराचाच भाग आहे, आणि तिचे पैसे भाड्यात धरलेले असतात. न्यूयॉर्क राज्याने १९७५ पासून हे कायद्यातच लिहून ठेवले आहे. घर राहण्यायोग्य ठेवण्याची हमी प्रत्येक भाडेकरारात गृहीतच असते, करारात ती लिहिलेली असो वा नसो. ऊब नाही, तर हमी मोडली. हमी मोडली, तर भाड्यात सूट मागता येते.

हे सारे मला कायद्याच्या पुस्तकातून कळले नाही. आमच्या मजल्यावर समोरच्या दारात एक कोलंबियन विधवा राहत होती. त्या इमारतीत तिची वीसएक वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी ती दार ठोठावून आली. हातात एक साधा थर्मामीटर आणि शाळकरी मुलांची रेघांची वही. मोडक्या इंग्रजीत तिने मला जे सांगितले त्याचा अर्थ असा: थंडी वाजते असे कुणाला सांगू नकोस. थंडी सगळ्यांनाच वाजते. तू आकडा सांग. तारीख लिही, वेळ लिही, आतले तापमान लिही, बाहेरचे लिही. रोज चार वेळा. एकही दिवस चुकवू नकोस.

त्या वहीतली पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे: २० जानेवारी, सकाळी सात, आत ४६. म्हणजे आठ सेल्सियस. पुण्यात जानेवारीच्या पहाटे उघड्या मैदानावर जेवढी थंडी असते, तेवढी आमच्या निजण्याच्या खोलीत होती.

त्या वहीमुळे आम्ही जिंकलो. न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून घरांच्या तंट्यांसाठी निराळे कोर्ट आहे. तिथे वकिलावाचूनही भाडेकरूला घरमालकाविरुद्ध दुरुस्तीचा दावा लावता येतो. सगळ्या इमारतीतून सहा घरांनी सह्या केल्या. मालकाच्या वकिलाने तेलाच्या पावत्या दाखवल्या. आम्ही वही दाखवली. न्यायाधीशबाईंनी वहीची पाने एकेक करून उलटली आणि बॉयलर दुरुस्त करण्याचा हुकूम दिला; भाड्यातूनही काही रक्कम वजा झाली. मात्र हुकूम हाती पडला तेव्हा मार्च अर्धा सरला होता. आई मुंबईला परतली होती. बाहेरचा बर्फ वितळू लागला होता.

या विजयाकडे मी आज पाहतो, तेव्हा मला त्यात पराभवच अधिक दिसतो. सहाच घरांनी सह्या का केल्या? बाकीच्यांना थंडी वाजत नव्हती असे नाही. कुणाच्या कागदपत्रांची अडचण होती. कुणी दोन खोल्यांत दोन कुटुंबे राहत होती आणि तपासनीस घरात येणे त्यांना परवडणारे नव्हते. कुणाचा करार एप्रिलात संपत होता. सूड म्हणून करार नाकारायला कायद्याने बंदी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी त्यांनी त्यावर भरवसा ठेवला नसता. क्वीन्समध्ये तळघरांतून बेकायदा भाड्याने राहणारी हजारो माणसे आहेत. त्यांच्यापुढचा पेच तर आणखी भयंकर. तक्रार केली की तपासनीस येणार आणि तपासनीस आला की घरच रिकामे करण्याचा हुकूम निघणार. गारठलेले घर आणि घरच नसणे यांत निवड करायची, तर माणूस कांबळे पांघरून गप्प बसतो.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे कबूल केले पाहिजे. २००३ पासून शहरात ३११ हा एकच क्रमांक आहे. तिथे आपल्या भाषेत बोलणारा दुभाष्या मिळतो. हिवाळ्यात या क्रमांकावर ऊब आणि गरम पाणी नसल्याच्या लाखाहून अधिक तक्रारी येतात. तक्रार शहराच्या गृहनिर्माण खात्याकडे जाते. खाते आधी घरमालकाला कळवते. मग तक्रारदाराला फोन करून ऊब परत आली का, असे विचारते. आली असेल, तर तक्रार मिटवली जाते. नसेल, तर तपासनीस येतो, घरात थर्मामीटर धरतो आणि आकडा कमी भरला तर गंभीर स्वरूपाचा दोष नोंदवतो. दंड दर दिवसाला शेकडो डॉलरांत जातो. घरमालक तरीही हलला नाही, तर खाते स्वतः माणसे आणून बॉयलर दुरुस्त करते आणि तो खर्च घरमालकाच्या मालमत्ताकराच्या बिलात चढवते.

कागदावर ही व्यवस्था चोख आहे. पण ज्याने तिच्यातून हिवाळा काढला आहे, त्याला तिच्यातली फट दिसते. तक्रार सकाळी आठला केली. दुपारी सुपरने बॉयलर दोन तास चालवला. संध्याकाळी खात्याचा फोन आला तेव्हा रेडिएटर कोमट होता. तक्रार मिटली. रात्री अकराला बॉयलर पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी नवी तक्रार, नवा क्रमांक, पुन्हा तेच. तपासनीस दारात आला तेव्हा भाडेकरू कामावर गेलेला असतो. ज्याला तासावर मजुरी मिळते, त्याने तपासनिसाची वाट पाहण्यासाठी दिवसाचा रोज बुडवायचा का? शनिवारी माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांच्या हाती तक्रारींच्या क्रमांकांची भेंडोळी असत आणि प्रत्येक क्रमांकापुढे 'तक्रार निकालात' असा शेरा. खात्याच्या दृष्टीने त्या बाईचे घर सबंध जानेवारीत एकवीस वेळा गरम झाले होते!

या फटीची किंमत काय असते, ते ९ जानेवारी २०२२ या रविवारी जगाने पाहिले. ब्राँक्समधल्या ट्विन पार्क्स या एकोणीस मजली इमारतीत एका घरात विजेचा हीटर बिघडला आणि आग लागली. आग फारशी पसरली नाही, धूर पसरला. जी दारे आपोआप बंद व्हायला हवी होती ती उघडीच राहिली आणि जिना धुराने भरला. सतरा माणसे मेली. त्यांत आठ मुले होती. मृतांपैकी बरेच जण पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातून आलेल्या कुटुंबांतले. तो हीटर बरेच दिवस सतत चालू होता, असे अग्निशमन दलाने सांगितले. इमारतीत ऊब अपुरी होती का, याबद्दल रहिवासी आणि मालक यांची विधाने जुळत नाहीत; त्या वादात मी न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. पण हीटर घराघरांत का येतात, हे मी चांगले जाणतो. आमचा उघडा ओव्हन हा त्याच जातीचा हीटर होता. आम्ही वाचलो, ते शहाणपणामुळे नव्हे. पुढे शहराने हीटर आपोआप बंद होण्याची सोय आणि आपोआप मिटणारी दारे यांबद्दल नियम कडक केले. ते योग्यच झाले. पण भाडेकरूला हीटर विकत घ्यावाच लागू नये, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

घरमालकांचीही बाजू आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. मुंबईच्या माणसाने तर विशेषच. आपल्याकडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या आकड्याला खिळवून ठेवली. त्याचा परिणाम म्हणून दुरुस्तीला पैसा उरला नाही आणि इमारती माणसांसकट कोसळल्या. भाडेकरूला स्वस्त घर मिळाले, पण ते त्याच्या डोक्यावर पडले. न्यूयॉर्कचे घरमालकही म्हणतात की तेल महाग, गॅस महाग, कर वाढते, बॉयलर म्हातारे आणि भाडे आमच्या हाती नाही. शहरातल्या सुमारे दहा लाख घरांची भाडेवाढ एक मंडळ ठरवते, हे खरे आहे. काही वर्षी, उदाहरणार्थ २०१५ आणि २०१६ मध्ये, एक वर्षाच्या करारांसाठी ही वाढ शून्य ठरली, हेही खरे आहे.

पण या युक्तिवादात दोन छिद्रे आहेत. पहिले असे की, हे मंडळ दरवर्षी इमारत चालवण्याच्या खर्चाचा जो हिशेब मांडते, त्यात इंधनाचा खर्च धरलेला असतो. म्हणजे न जाळलेल्या तेलाचे पैसे भाडेकरूने आधीच मोजलेले असतात. दुसरे असे की, गारठलेल्या इमारतींत तेल कमी जळते असे नाही. कडाक्याच्या थंडीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मान वर करून चाला. एकाच इमारतीत काही खिडक्या सताड उघड्या दिसतील, कारण बॉयलरच्या जवळच्या रांगेतल्या घरांत उकडते आहे. दुसऱ्या टोकाच्या रांगेत लोक मोजे घालून झोपले आहेत. यात इंधन कमी पडलेले नसते, देखभाल कमी पडलेली असते. झडपा बदलणे, नळांवर आच्छादन घालणे, बॉयलरला घरातल्या तापमानानुसार चालवणे, ही कामे नवा बॉयलर बसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. त्यांतून इंधनही वाचते. ज्या लहान घरमालकाला तेवढाही खर्च झेपत नसेल, त्याला शहराने हलक्या व्याजाने कर्ज द्यावे. मी त्याच्या बाजूने बोलेन. पण त्याच्या अडचणीचे व्याज चौथ्या मजल्यावरच्या तान्ह्या पोराने का भरावे?

घरमालक हा खासगी माणूस असतो म्हणून हे घडते, असा समज कुणी करून घेऊ नये. न्यूयॉर्कमधला सर्वांत मोठा घरमालक सरकारीच आहे. शहराच्या सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाकडे पावणेदोन लाखांच्या आसपास घरे आहेत. २०१७-१८ च्या हिवाळ्यात त्यांतल्या बहुसंख्य रहिवाशांना कधी ना कधी बंद रेडिएटरचा अनुभव आला. प्रकरण इतके चिघळले की जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारशी करार होऊन त्या प्राधिकरणावर एक देखरेख अधिकारी नेमावा लागला. मालकी बदलली म्हणून वागणूक बदलत नाही. हिशेब विचारणारा कुणी असेल तरच ती बदलते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. हिशेब विचारण्याचे काम भाडेकरूच्या शिरावरून काढून घ्या. आमच्या वहीचे काम आज एक छोटे यंत्र करू शकते. २०१४ च्या सुमारास 'हीट सीक' नावाच्या एका संस्थेने घरातले तापमान तासातासाला आपोआप नोंदवणारी यंत्रे भाडेकरूंना देण्यास सुरुवात केली. २०२० मध्ये शहराने एक पाऊल पुढे टाकले. ऊब न देण्याबद्दल वारंवार दोषी ठरलेल्या पन्नास इमारती खात्याने निवडायच्या, त्यांच्या मालकांनी घराघरांत तापमान नोंदवणारी यंत्रे स्वखर्चाने बसवायची आणि कुणी तक्रार करो वा न करो, तपासनिसाने हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी तिथे जायचे, असा तो कायदा. त्याची दिशा अगदी बरोबर आहे. प्रमाण मात्र हास्यास्पद. ज्या शहरात दोनतृतीयांश कुटुंबे भाड्याने राहतात, तिथे पन्नास इमारती म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी. ज्या इमारतीत लागोपाठ दोन हिवाळे दोष सिद्ध झाला, ती प्रत्येक इमारत आपोआप या यादीत गेली पाहिजे. तपासनीस संध्याकाळी आणि पहाटे गेला पाहिजे, कारण बॉयलर तेव्हाच बंद असतात. आणि एका घराची तक्रार ही सबंध रांगेची तक्रार मानली पाहिजे. मग त्या रांगेतल्या भित्र्या कुटुंबाला तोंड उघडावे लागणार नाही.

एक सावधगिरीही सुचवतो. २०१९ च्या एका कायद्याने न्यूयॉर्कने मोठ्या इमारतींच्या धुराला मर्यादा घातली. तिची अंमलबजावणी २०२४ पासून सुरू झाली. त्यामुळे तेलाचे आणि गॅसचे बॉयलर जाऊन विजेवर चालणारे पंप येऊ लागले आहेत. हवेसाठी ते चांगलेच आहे. पण बॉयलरचे बिल घरमालकाच्या नावावर येत असे. पंपाची वीज भाडेकरूच्या मीटरवर टाकता येते. तसे झाले, तर ऊब देण्याचे शंभर वर्षांत मिळवलेले बंधन एका वायरीच्या जोडणीने निकालात निघेल. मग घर गार राहिले तर तो भाडेकरूचाच दोष, कारण बिल भरायला भिऊन यंत्र त्यानेच बंद ठेवलेले असेल! यंत्र बदलावे, जबाबदारी बदलू नये.

यात आपल्या वाचकाचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात दोन्ही शहरांत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. मुंबईत १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. न्यूयॉर्कमध्ये १९२० साली. आज आपल्याकडे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ आहे. त्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे घरमालकाला भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही. त्यात पाणी येते, वीज येते, जिन्यातला दिवा येतो, लिफ्ट येते. कलम चांगले आहे. पण पाणी किती, किती वेळ, किती दाबाने, याचा आकडा त्यात नाही. नळाला करंगळीएवढी धार येत असेल, तर पुरवठा तोडला असे म्हणायचे की नाही? ते पुन्हा भाडेकरूनेच सिद्ध करायचे. हक्क आकड्यात लिहिला की तो मोजता येतो, हे आपण न्यूयॉर्ककडून शिकावे. मोजायचे कुणी, हेही त्याच वेळी ठरवावे लागते. तो धडा न्यूयॉर्क अजून स्वतःच शिकते आहे.

ती अकरा महिन्यांची मुलगी आता ब्रुकलिनमध्ये स्वतः भाड्याने राहते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे असताना एका रात्री रेडिएटर गार पडला. मी ट्रंकेतून जुनी वही काढावी तशा उत्साहाने थर्मामीटर शोधू लागलो, तर ती हसली आणि तिने मोबाइलवर तक्रार नोंदवून टाकली. दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना फोन आला. तो तिला घेता आला नाही. संध्याकाळी तक्रारीपुढे शेरा होता: निकालात. घरात ५९ फॅरनहाइट होते.

तिने काही न बोलता टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि तारीख घातली.